राहेलबाईंच्या घरची पाटी

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या नाताळ अंकाचं काम बघणाऱ्या तरुण पाळकांनी मला निरोप धाडला, "बाई, तुम्ही कुटुंबांना शास्त्राच्या आधारानं मोहाशी झगडायला कसं शिकवलंत त्यावर लिहा. नव्या पिढीला उपयोग होईल." नव्या पिढीला उपयोग होईल असं सगळ्यांना वाटतं, एक नवी पिढी सोडून. पण लिहिते. मी आता अशा वयाला आले आहे की लाजायचे दिवस सरले, आणि जे सांगणार आहे त्यात लाजण्यासारखं थोडं आहे.

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात बायबलबाई होते. हा शब्द ऐकला की आजची पोरं फिदीफिदी हसतात, म्हणून काम काय होतं ते आधी सांगते. पाळकसाहेब रविवारी देवळात उपदेश करायचे. तो उपदेश सोमवारी घरात शिल्लक राहिलाय का, हे बघायचं काम माझं. सकाळी दहाला छत्री आणि कापडी पिशवी घेऊन निघायचं. पिशवीत पवित्र शास्त्र, गीतांचं पुस्तक आणि चष्मा. रेल्वे लायनीच्या मागची आमची वस्ती, मग गिरणीच्या चाळी. दिवसाला पाच-सहा घरं, आणि प्रत्येक घराचा वार ठरलेला. दारात सलाम करायचा, पाणी प्यायचं आणि घरच्या बाईचं काम न थांबवता तिच्याशेजारी बसायचं. ती ज्वारी निवडत असली तर आपणही मूठभर पुढ्यात ओढायची. हात चालू असले की माणूस मनातलं बोलतं. मग अध्याय वाचायचा, त्यातली एक ओवी पाठ करून घ्यायची, प्रार्थना करायची आणि उठायचं. आमच्याकडं शास्त्रातल्या वचनाला जुनी माणसं ओवी म्हणतात.

मोहाबद्दल माझी शिकवण सरळ होती. प्रभूनं अरण्यात सैतानाला तीनदा उत्तर दिलं आणि तिन्ही वेळा शास्त्राचाच आधार घेतला, पदरचं काही घातलं नाही. मग तुम्ही-आम्ही कोण लागून गेलो? मोह आला की तोंडानं दुसरं काही बोलायचं नाही, ओवी म्हणायची. सांगायला किती सोपं! प्रभूला गाठायला सैतान डोंगरावर चढला होता. आमच्या वस्तीत त्याला एवढे कष्ट नव्हते, त्याचं नळावरच्या रांगेत भागायचं.

एक गुलाबबाई होत्या. मिसरी सुटता सुटत नव्हती. मी त्यांना एक ओवी कागदावर लिहून दिली आणि मिसरीच्या डबीतच ठेवायला सांगितली, म्हणजे डबी उघडली की आधी वचन डोळ्यांपुढं. महिन्यानं विचारलं तर म्हणाल्या, "लई चांगली सवय लागली बाई. आता वचन वाचल्याबिगर मिसरी तोंडात घालतच न्हाय." दुसरे एक गिरणीतले गृहस्थ, संध्याकाळी घरी येताना हातभट्टीवर थांबायचे. त्यांना मी एक स्तोत्र पाठ करून दिलं आणि ते म्हणतच वाट चालायची असं बजावलं. दुसऱ्या आठवड्यात बायको रडत आली. तिच्या मागून हे आले आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "बाई, म्हनत म्हनतच आलो की. पर नेमकं भट्टीपुढं येऊन संपलं." मी त्यांना शास्त्रातलं सगळ्यात लांब स्तोत्र दिलं. ते पाठ व्हायला त्यांना वर्ष लागलं. त्या वर्षात ते प्यायले नाहीत, कारण संध्याकाळी माझ्यापुढं बसून घोकावं लागायचं. त्यांची दारू वचनानं सुटली की माझ्या धाकानं, हे मला आजही सांगता येणार नाही.

असे अनुभव घेता घेता मला पाटीची युक्ती सुचली. लेकरांची असते तशी दगडी पाटी स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगायची, दोऱ्यानं पेन्सिल बांधायची. राग आला, हेवा वाटला, जीभ वळवळायला लागली की तोंड मिटायचं आणि त्या मोहाला लागू पडेल अशा ओवीचा अध्याय आणि आकडा पाटीवर लिहायचा. मग शास्त्र उघडून ती ओवी काढून वाचायची. चष्मा शोधा, पुस्तक शोधा, पान शोधा, तोवर निम्मा राग गळालेला असतो. नियम एकच, ज्याचा मोह त्यानं स्वतःसाठी लिहायचं. वर्षभरात वस्तीतल्या वीस-पंचवीस घरांत पाट्या लागल्या. पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून माझं नाव घेतलं. नगरहून दोन पाहुण्या पाट्या बघायला आल्या. मासिक अहवालात मी लिहायची, 'वचनाच्या पाटीचा उत्तम परिणाम दिसत आहे.' गर्वाचा मोह कुठल्या ओवीनं जातो हे मला पाठ होतं, पण माझ्या घरी पाटी नव्हती. विधवा बाई, एकटा जीव. मला कसला आलाय मोह, असं वाटायचं.

सगळ्यांत नमुनेदार पाटी राहेलबाईंच्या घरची. राहेलबाई साठीच्या. तीस वर्षं गिरणीत सुताच्या कांड्या भरल्या आणि नवऱ्यामागं एकुलत्या दावीदला वाढवलं. अक्षरओळख मोठेपणी मिशनच्या वर्गात झाली, पण त्याच्या कितीतरी आधी ऐकून ऐकून निम्मं शास्त्र तोंडपाठ झालेलं. आकडा सांगा, ओवी हजर. पाळकसाहेब उपदेशात अडखळले तर पहिल्या बाकावरून पुढचा शब्द यायचा. अंगानं काटक, जिभेनं तिखट, शेंगाचटणीत तिखट कमी पडलं तर स्वतः दोन वाक्यं बोलतील अशा. दावीद गिरणीत फिटर होता. आईपुढं त्याचा आवाज निघायचा नाही. त्याची बायको शालिनी बार्शीची. लग्नाआधी बालवाडीत शिकवायची, शिलाई यायची, अक्षर मोत्यासारखं. शास्त्र तिलाही चांगलं येत होतं. हेच नडलं.

पाटी लागल्यावर त्या घरातला आरडाओरडा थांबला. शेजारणी म्हणायच्या, "बाई, चमत्कारच! आता राहेलबाईंच्या घरात टाचणी पडली तरी ऐकू येतंय." मी खूष. एका गुरुवारी, म्हणजे त्यांच्या वारी, मी लवकर गेले आणि चमत्कार डोळ्यांनी पाहिला. शालिनीनं चुलीपुढून उठून पाटीवर एक आकडा लिहिला, तोही सासूकडं बघत. राहेलबाई पाटीजवळ गेल्या, नाक लावून वाचलं, "हं" म्हणाल्या, ते पुसलं आणि खाली दुसरा आकडा लिहिला. शालिनीनं वाचलं आणि तवा आदळला. मी दोन्ही ओव्या मनात आठवल्या. सुनेनं लिहिली होती ती म्हाताऱ्या स्त्रियांनी चहाड्या करू नयेत अशा अर्थाची. सासूचं उत्तर होतं, मूर्खाशी वाद घालू नये.

मी कपाळाला हात लावला. दोघी पाटीवर एकमेकींसाठी ओव्या लिहीत होत्या! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, तेही देवाच्या शब्दांत. मी दोघींना नियम पुन्हा समजावला. दोघींनी मान डोलावली. मी वळले तसा मागं पेन्सिलीचा आवाज आला.

बिचाऱ्या दावीदचं काय झालं ते सांगते. एकदा राहेलबाईंनी पाटीवर शास्त्रातल्या शहाण्या राजाच्या म्हणींतली एक ओवी लिहिली. भांडखोर बाईबरोबर मोठ्या घरात राहण्यापेक्षा धाब्याच्या, म्हणजे घराच्या सपाट छताच्या, कोपऱ्यात राहिलेलं बरं, असा तिचा अर्थ. ती सुनेसाठी होती. पण दावीद तिसऱ्या पाळीवरून सकाळी घरी आला, त्यानं ती वाचली, शास्त्र काढून ताडून पाहिली आणि वळकटी उचलून खरंच धाब्यावर गेला. सोलापूरचा एप्रिल महिना! मी गेले तेव्हा गोणपाटाच्या सावलीत डोक्याला ओला पंचा बांधून पडला होता. "दावीद, खाली चल. उष्माघात होईल," मी म्हणाले. तो म्हणाला, "बाई, शास्त्रात हाय. खाली दोघी हायत. हितं निदान वारं तरी हाय." साऱ्या वस्तीत माझ्या पाटीचा शब्दशः उपयोग केलेला तो एकटाच माणूस.

इथवर हसण्यासारखं होतं. पावसाळ्यानंतर मात्र रंग बदलला. शालिनीला दिवस गेले होते आणि पाटीवरच्या तिच्या ओव्या जहरी व्हायला लागल्या. मला चुलीजवळ गाठून ती म्हणाली, "बाई, मी सोसते म्हणून काय काहीही करायचं? माझ्या चहात मीठ घालतात. दूध उतू जातं तरी शेजारी बसून राहतात, हात लावत नाहीत. परवा अंगणात शेवया वाळत घातल्या होत्या, दोन दिवस पाठ मोडून केलेल्या. त्यावरनं सरळ चालत गेल्या. माझ्या देखत! मी ओरडले तर काय म्हणाल्या माहितीय? 'वाटंत कशाला घातल्या?' मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणार आहे ती काय परत यायची नाही. यांना यायचं असेल तर यांनी बार्शीला यावं."

त्याच दिवशी राहेलबाईंनी मला स्वतःच्या हातानं चहा करून दिला. घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. मीठ! मला कशाला त्या मीठ घालतील? मी त्यांच्याकडं नीट पाहिलं. त्या पाटीकडं तोंड करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, तेवढं वाचा की. काय लिवलंय आज? चष्मा दुरुस्तीला टाकलाय." चष्मा तीन आठवडे दुरुस्तीलाच होता. मी हळूच माझा हात त्यांच्या तोंडापुढून फिरवला. पापणी हलली नाही.

"राहेलबाई," मी म्हणाले, "तुम्हाला दिसत नाही."

त्यांनी झटकन माझं मनगट पकडलं. ते मात्र अचूक सापडलं. "गप बसा. हळू बोला. मोतीबिंदू हाय. उजव्यानं थोडं उजेडाचं कळतं, डावा ग्येलाच. तिला सांगायचं न्हाय. दावीदला बी न्हाय. देवाशपथ घ्या."

"अहो, पण ती समजतेय तुम्ही मुद्दाम करताय! शेवया, मीठ, दूध..."

"समजू द्या की. आंधळी म्हनवून घेन्यापरीस खाष्ट म्हनवून घेतल्यालं बरं. खाष्ट बाईला घाबरत्यात. आंधळीला कोपऱ्यात बसवत्यात." सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते मी त्या दिवशी शेजारी बसून पाहिलं. शपथ वाहू नये असं शास्त्रात आहे, म्हणून मी शपथ घेतली नाही, पण शब्द दिला. आमच्या कामात शब्द मोडता येत नाही. आज एका घरातलं उद्या दुसऱ्या घरात बोललं की परवा सगळी दारं बंद. म्हणून मी पुढचे चार गुरुवार तोंड शिवून बसले. एकीला खरं माहीत नाही म्हणून ती जळतेय, दुसरी खरं सांगत नाही म्हणून जळतेय, आणि मला दोन्हीकडचं माहीत. मी फार प्रार्थना केली. राहेलबाईंच्या डोळ्यांसाठी कमी आणि त्यांच्या ताठ्यासाठी जास्त.

पाचव्या गुरुवारी दुपारी गेले तर ओसरीवर सामान बांधलेलं. शालिनीचा भाऊ न्यायला आला होता आणि टांगा बघायला नाक्यावर गेला होता. एक ट्रंक, एक वळकटी आणि गोणपाटात बांधलेलं शिलाई मशीन. मशीन बघितलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. बाळंतपणाला कोण मशीन घेऊन जातं? दावीद गिरणीत होता. त्याला वाटत होतं बायको तीन महिन्यांनी येणार.

राहेलबाई स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीवर बसल्या होत्या, पाटी मांडीवर. शालिनी आतल्या खोलीत कपडे भरत होती.

"आलासा? बसा," त्या म्हणाल्या. "जाताना काहीतरी लिवून ठिवलंय. पेन्सिलीचा आवाज आला मला. वाचा."

मी पाटी हातात घेतली. मोत्यासारख्या अक्षरात एकच ओवी. शहाणी बाई आपलं घर बांधते, मूर्ख बाई स्वतःच्या हातानं ते पाडते, हा तिचा भाव. बाण बरोबर मारला होता. राहेलबाईंनी आकडा ऐकला असता तर ती ओवी त्यांनीच म्हटली असती, आणि मग त्यांच्या तोंडून जे निघालं असतं ते ऐकून शालिनी पुन्हा त्या उंबऱ्यात आली नसती. आणि माझ्यासमोर ती बाई बसली होती. मान ताठ, पण हात रिकाम्या मांडीवर पाटी चाचपत होते. तीस वर्षं कांड्या भरणारे हात. आयुष्यात पहिल्यांदा त्या कुणाच्या तरी शब्दाची भीक मागत होत्या, आणि तोंडानं मागत नव्हत्या.

वीस-पंचवीस घरांना मी शिकवत होते, मोह आला की वचन धरा. मला मोह आला आणि मी वचनच बदललं.

"रूथ," मी म्हणाले. "रूथ तिच्या सासूला बोलते ती ओवी लिहिलीय."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. रूथ नावाची एक परमुलखातली विधवा सून. सासू म्हणते, तू तुझ्या माहेरी जा. सून ऐकत नाही. सासू जाईल तिकडं जायचं, ती राहील तिथं राहायचं, तिचा देव तो आपला देव, असं सांगून ती सासूबरोबर निघते. आमच्यात लग्नात ही गोष्ट हटकून सांगतात.

मी पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि पाटी स्वच्छ पुसून त्यांच्या मांडीवर परत ठेवली. शालिनी बाहेर आली आणि सासूच्या मांडीवर आपली ओवी दिसली तर माझं खोटं उघडं पडेल, ही भीती.

तेवढ्यात राहेलबाईंनी हाक मारली, "शालने! भाईर ये जरा."

शालिनी पदर खोचून दारात आली. चेहरा असा की आता काय बोलतील त्याला उत्तर तयार आहे. राहेलबाईंनी पाटी तिच्या दिशेनं उचलली. खरं तर जरा बाजूला, भिंतीच्या दिशेनं.

"मला दिसत न्हाय ग," त्या म्हणाल्या. "पाटी दिसत न्हाय. मीठ-साखर दिसत न्हाय. शेवया तुडवल्या म्या, त्या दिसल्या न्हाईत. पायाखाली मोडल्या तवा कळलं."

शालिनी दोन पावलं पुढं आली. "कवापासनं?" ती बार्शीचं सगळं शिक्षण विसरली.

"उनाळ्यापासनं. तू वराडलीस तवा काय बोलायचं ते सुचलं न्हाय, म्हनून म्हनलं वाटंत कशाला घातल्या."

शालिनी ट्रंकेवर बसली. मला वाटलं, सुटले, आता पाटीचा विषय निघायचा नाही. कुठलं काय! राहेलबाई पुढं म्हणाल्या, "तू जाताना रूथची ओवी लिवलीस म्हनं. बाईंनी वाचून दाखवली. पर मला तुझ्या तोंडून आयकायचीय. पुस्तक काढ. मग खुशाल जा."

शालिनीनं कोऱ्या पाटीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. माझ्या ओल्या पदराकडं पाहिलं. मी खाली मान घातली. वीस-पंचवीस घरांना उपदेश केलेली बाई मी, त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. ती एक शब्द बोलली असती, 'मी नाही ती लिहिली', तर राहेलबाईंचं उरलंसुरलं मोडलं असतं, त्या घराचं दार मला बंद झालं असतं, आणि टांगा तर नाक्यावर आलाच होता.

शालिनी उठली. बांधलेली वळकटी सोडून तिनं आपलं शास्त्र काढलं. पान शोधायला तिला वेळ लागला नाही. उभ्यानंच वाचायला लागली, बालवाडीतल्या मुलांना वाचून दाखवावं तसं सपाट आवाजात. निम्म्यावर तिनं बोट पानावर धरून ठेवलं. ती सासूपुढं खाली बसली आणि बाकीची ओवी हळू वाचली. राहेलबाई सगळा वेळ ओठ हलवत होत्या. पाठच होती त्यांना.

भाऊ आला. टांगेवाला घाई करत होता. भावानं मशीनला हात घातला तशी शालिनी म्हणाली, "ते राहू दे. तीन महिन्यांसाठी कशाला न्यायचं?"

ती बार्शीला गेली, मुलगी झाली आणि सव्वा महिन्यानं परत आली. दावीदची वळकटी धाब्यावरून कायमची खाली आली. माझ्या त्या महिन्याच्या अहवालात मी लिहिलं, 'एका कुटुंबात वचनाच्या आधारे समेट झाला.' पाळकसाहेबांनी शाबासकी दिली. ती मला पचली नाही. रविवारी देवळात प्रभुभोजनाची भाकर घ्यायला जाताना पाय जड व्हायचे. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला तीन ओव्या दिल्या असत्या. देवाच्या नावानं खोटं वाचलं, आणि त्यातून भलं झालं याचा मला आनंद होत होता. हे कुणाला सांगू? सगळी वस्ती आपली गुपितं मला सांगायची, माझं गुपित ऐकायला कुणी नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात डोळ्यांचं शिबिर झालं आणि राहेलबाईंचं ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी सुटल्यावरच्या पहिल्या गुरुवारी मी गेले. जाड भिंगाचा चष्मा लावून त्या ओसरीवर बसल्या होत्या, मांडीवर नात. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बाई, तुमी लई म्हाताऱ्या झालाव की!"

"आणि तुम्ही काय पोरसवदा राहिलात?" मी म्हणाले. आम्ही हसलो. शालिनी आत चहा करत होती. राहेलबाई माझ्याकडं झुकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक इचारू? त्या दिशी पाटीवर काय लिवलं हुतं?"

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. "म्हणजे? रूथची..."

"ऱ्हाऊ द्या. रूथची ओवी असती तर तुमी पुसली असती व्हय? जपून खिळ्याला लावली असती, आन सगळ्या वस्तीला दावत सुटला असता. तुमी पदर भिजवून घासघासून पुसली. दिसत नव्हतं मला, कान शाबूत हुतं की."

"मग तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर ती गेली असती. आन तुमच्यासारखी बाई माझ्यापायी शास्त्र खोटं वाचती, तर माझ्या डोळ्याचं मला सांगता येऊ नये? लाज वाटली मला." मग नातीचं नाक पुसत म्हणाल्या, "तिच्या तोंडून वाचून घेतली ते मात्र मुद्दाम. लिवली नसंल, पर वाचली तर हाय. तेवढी मला बास झाली."

मी खरी ओवी कुठली होती ते सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "नगं. मला पाठ असंल ती. मग रोज आठवंल."

दारात कप वाजले. शालिनी चहा घेऊन उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. राहेलबाईंनी नात माझ्याकडं दिली, उठल्या, खिळ्याची पाटी काढली, आणि नव्या डोळ्यांनी, वेड्यावाकड्या अक्षरांत एक आकडा लिहिला. खोटं बोलणाऱ्या जिभेचा परमेश्वराला वीट आहे, ती ओवी. ज्याचा मोह त्यानं लिहायचं हा नियम त्या दिवशी त्या घरात पहिल्यांदा पाळला गेला. आकड्याखाली त्यांनी तीन नावं लिहिली. राहेल. शालिनी. बाई.

"म्या बी खोटं आयकलं," त्या म्हणाल्या, "म्हनून माझं पयलं."

मी चहा प्यायले. साखर बरोबर होती. परत येताना नव्या पेठेतल्या दुकानातून एक पाटी घेतली. दुकानदारानं विचारलं, "नातीला का बाई?" मी म्हणाले, "नाही, मलाच." त्यानं वेगळ्याच नजरेनं पाहिलं.

राहेलबाई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. वस्तीतल्या बाकीच्या पाट्या कधीच फुटल्या, हरवल्या, एक-दोन तर मी उतरंडीच्या मडक्यांवर झाकण म्हणून पाहिल्या. गेल्या नाताळात काठी टेकत शालिनीकडं गेले. आता ती सासू आहे. घराला रंग लागत होता. तिच्या नव्या सुनेनं भिंतीवरचं सगळं उतरवलं होतं, आणि ओलं फडकं घेऊन ती पाटी पुसायला बसली होती.

"अगं ए, ठेव ती!" शालिनी आतून ओरडत आली. तिनं पाटी हिसकावून घेतली, पेन्सिल शोधली आणि पुसट झालेली अक्षरं एक एक करून गिरवायला बसली. दर नाताळाला गिरवते, असं मला त्या दिवशी कळलं.

सून बिचारी गोंधळली. तिनं वाकून वाचलं. "राहेल म्हणजे आजेसासूबाई. शालिनी म्हणजे तुम्ही. आणि ही बाई कोण?"

शालिनीनं माझ्याकडं पाहिलं. मी मुकाट्यानं करंजी खात होते.

"होती एक," ती म्हणाली, "आमच्या घरी शास्त्र वाचून दाखवायला यायची." आणि तिनं तिसरं नाव जरा दाबून गिरवलं.